लाल फळाचा ताळेबंद

‘आरोग्याला चांगलं असतं’ हे वाक्य कानावर पडलं की माझ्या पोटात गोळा येतो. लहानपणी हे वाक्य कारल्याच्या भाजीबरोबर यायचं, पुढे एरंडेलाच्या चमच्याबरोबर आलं आणि लग्नानंतर दुधीच्या रसाबरोबर. चवीला चांगल्या असलेल्या पदार्थाची शिफारस करताना हे वाक्य कोणी वापरल्याचं मला आठवत नाही. बटाटेवडा पुढे करताना ‘घ्या, आरोग्याला चांगला असतो’ असं कोणी म्हणतं का? वडा स्वतःच्या हिमतीवर खपतो, त्याला जामीन लागत नाही. ज्या पदार्थाला आरोग्याचा जामीन लागतो त्याची पत आधी तपासून घ्यावी, असं वीस वर्षं बँकेच्या काउंटरमागे बसून माझं प्रामाणिक मत झालेलं आहे.

सध्या असा जामीन घेऊन आमच्या शाखेत जे फळ हिंडतं आहे, त्याचं नाव क्रॅनबेरी. कर्जखात्यातले एक गृहस्थ ती वाळवलेली लाल फळं डबीत घालून आणतात आणि विड्याच्या सुपारीसारखी दर तासाला दोन-दोन तोंडात टाकतात. कॅशमधल्या बाईंनी चहा सोडून तिचा रस धरला आहे. मॅनेजरसाहेबांच्या ड्रॉवरमध्ये, जिथे पूर्वी फुटाण्यांची पुडी असे, तिथे आता क्रॅनबेरीचं पाकीट असतं. विचारलं तर तिघांचं उत्तर एकच : ‘‘किडनीला चांगलं असतं. अमेरिकेत तर डॉक्टरकडे जाण्याआधी हेच घेतात.’’

वाचकहो, या वाक्याशी माझं वैयक्तिक भांडण आहे. मी कॉमर्सचा पदवीधर. शरीरशास्त्राशी माझा संबंध फक्त मेडिकल बिल भरण्यापुरता. पण हे वाक्य ज्या देशातून आलं त्या देशात जाऊन मी ते स्वतः बोललेलो आहे, त्यावर विश्वास ठेवलेला आहे, आणि त्याची किंमत माझ्या आईने मोजलेली आहे. तेव्हा हा लेख म्हणजे एका माफीच्या साक्षीदाराची जबानी समजावी.

माझी धाकटी बहीण न्यू जर्सीत एडिसनजवळ राहते. २०२३ च्या सप्टेंबरात तिने आईला आणि मला तिकडे बोलावलं. तिकीट तिचं, रजा माझी. सौ.ला मुलीच्या परीक्षेपायी घरीच राहावं लागलं. जाताना आईचा प्रवासी आरोग्य विमा उतरवला. त्या पॉलिसीतली बारीक अक्षरं मी व्यवसायधर्म म्हणून वाचली. तिचा सारांश असा, की पहिले इतके डॉलर तुमचे, त्यानंतरचे आमचे, आणि जो आजार तुम्हांला आधीपासून असेल तो सगळाच तुमचा. आईचं वय बहात्तर, मधुमेह पंधरा वर्षांचा. म्हणजे विमा होता. फक्त आईने त्या सहा महिन्यांत आजारी पडायचं नव्हतं.

आई ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आजारी पडली.

तसं सुरुवातीला काही विशेष नव्हतं. उन्हाळी लागली होती. सारखं जावं लागायचं, जळजळ व्हायची. आई म्हणाली, ‘‘धने-जिरं भिजत घाल गं. दोन दिवसांत बरं वाटेल.’’ त्यावर धाकटी हसली. मेहुणे हसले. मीही हसलो, कारण अमेरिकेत जाऊन आठवडा झाला होता आणि धने-जिऱ्याच्या पाण्याला हसण्याइतका मी सुधारलो होतो. मेहुणे गाडी काढून दुकानात गेले आणि क्रॅनबेरी ज्यूसचे दोन भलेथोरले कॅन घेऊन आले. ‘‘इथे सगळे हेच घेतात. उगीच डॉक्टरकडे कशाला? एका भेटीचे दोन-तीनशे डॉलर होतील. आणि हे काय, नैसर्गिक आहे. अपाय तर काही नाही ना?’’

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. माझं सगळं भांडण त्या वाक्याशी आहे.

मीही मनातल्या मनात गुणाकार केला. तीनशे डॉलर गुणिले त्र्याऐंशी रुपये. उत्तर आल्याबरोबर मी क्रॅनबेरीचा कट्टर पुरस्कर्ता झालो. जो मनुष्य शंभर रुपयांच्या व्हाउचरवरची सही तीनदा पडताळून पाहतो, त्याने त्या कॅनची मागची बाजू एकदाही पाहिली नाही. फायदा आपला होणार असला की माणसाची नजर अधू होते, हे मी अनेक कर्जदारांत पाहिलं होतं. स्वतःत पाहिलं नव्हतं.

आईला तो रस आवडला. का नाही आवडणार? पंधरा वर्षं बिनसाखरेचा चहा पिणाऱ्या बाईला मुलगा आणि जावई दोघे मिळून आग्रहाने सरबत पाजत होते. दिवसाला चार ग्लास. ती म्हणायची, ‘‘अमेरिकेतलं औषध बरं असतं हो चवीला.’’

रोज रात्री सौ.चा फोन यायचा. ‘‘डॉक्टरला दाखवलंत का?’’

‘‘ज्यूस चालू आहे.’’

‘‘मी ज्यूसचं नाही विचारलं.’’

बायकोचे काही प्रश्न असे असतात, की त्यांना उत्तर देण्यापेक्षा नेटवर्क गेल्याचं सांगणं सोपं जातं. मी ते सांगितलं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी आई हुडहुडून कापायला लागली. दोन रजया घातल्या तरी दात वाजत होते. अंग तापलेलं. मी जवळ जाऊन बसलो. तिने माझ्याकडे पाहिलं, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि हलक्या आवाजात म्हणाली, ‘‘अहो, बाळ्याला शाळेतून आणलंत का?’’

बाळ्या म्हणजे मी. आणि वडिलांना जाऊन अकरा वर्षं झाली होती.

यापुढचं फार रंगवून सांगण्यात अर्थ नाही. दहा मिनिटांत आम्ही गाडीत होतो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, किती दिवस होतंय? चार. काय दिलंत? मेहुण्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी मेहुण्यांकडे पाहिलं. शेवटी भाचा, वय वर्षे तेरा, म्हणाला, ‘‘क्रॅनबेरी ज्यूस.’’ बाई हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी लघवी तपासली, रक्त तपासलं. संसर्ग वर मूत्रपिंडापर्यंत सरकला होता. म्हाताऱ्या माणसांत अशा वेळी भ्रम होतो, असं त्यांनी सांगितलं. आणि साखर तीनशेच्या वर गेलेली. आई दोन रात्री हॉस्पिटलात होती, शिरेतून प्रतिजैविकं दिली गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने मला माझ्याच नावाने हाक मारली आणि विचारलं, ‘‘तू दाढी का नाही केलीस?’’ मी कॉरिडॉरमध्ये जाऊन भिंतीकडे तोंड करून थोडा वेळ उभा राहिलो. त्या भिंतीवर अग्निशमनाच्या सूचना लावलेल्या होत्या. मी त्या वाचत होतो, असं सगळ्यांना वाटलं असावं.

घरी आल्यावर भाच्याने तो कॅन माझ्यासमोर ठेवला. ‘‘मामा, हे वाच. ट्वेंटी-सेव्हन पर्सेंट.’’ म्हणजे त्यात क्रॅनबेरीचा रस सत्तावीस टक्के. उरलेलं काय? पाणी आणि साखर. एका ग्लासात सुमारे अठ्ठावीस ग्रॅम साखर, म्हणजे सात चमचे. चार ग्लासांचे अठ्ठावीस चमचे. मधुमेही आईला मी रोज अठ्ठावीस चमचे साखर पाजत होतो, आणि वर ‘अपाय काही नाही’ म्हणत होतो. तेरा वर्षांच्या मुलाने माझं ऑडिट केलं आणि त्याचा एकही शेरा मला खोडता आला नाही.

मग मी हट्टाला पेटलो. या फळाचं खातं मुळापासून उघडून पाहायचं ठरवलं.

आता न्याय म्हणून सांगतो : फळाचा यात काहीही दोष नाही. फळ बिचारं फार खानदानी आहे. उत्तर अमेरिकेच्या दलदलीत ते आपोआप उगवत आलेलं. तिथले मूळ रहिवासी ते खात होते, वाळवलेलं मांस आणि चरबी यांत कुटून प्रवासाची शिदोरी करत होते. त्याच्या फुलाचा आकार क्रेन पक्ष्याच्या मान-चोचीसारखा दिसतो म्हणून गोऱ्या वसाहतवाल्यांनी त्याला क्रेनबेरी म्हटलं आणि पुढे ते क्रॅनबेरी झालं. १८१६ च्या सुमारास मॅसॅच्युसेट्समधल्या डेनिस गावच्या हेन्री हॉल नावाच्या माणसाच्या लक्षात आलं, की वाऱ्याने वाळू उडून ज्या वेलींवर पडते तिथे फळ जास्त चांगलं येतं. त्यातून लागवड सुरू झाली. आज अमेरिकेतलं निम्म्याहून अधिक पीक विस्कॉन्सिन राज्यातून येतं. आणि १९३० साली तीन बागायतदारांनी एकत्र येऊन या फळाची सहकारी संस्था काढली, ती आजही चालू आहे. सहकार म्हटल्यावर आमचा मराठी ऊर भरून आला. म्हटलं, चला, आपल्या साखर कारखान्यांचे पाहुणे निघाले. दोन्हीकडे साखर आहेच.

पूर्वी हे फळ अमेरिकेत सणाचं होतं. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगला टर्की पक्षी भाजायचा आणि त्याच्याबरोबर या फळाचा आंबटगोड सॉस वाढायचा. आपल्याकडे दसऱ्याला श्रीखंड तसा. पण श्रीखंड दसऱ्यालाच खपलं तर दुकानदाराने उरलेले अकरा महिने काय करायचं? त्यातच ९ नोव्हेंबर १९५९ रोजी, सण सतरा दिवसांवर आलेला असताना, अमेरिकेच्या आरोग्यमंत्र्यांनी जाहीर केलं, की काही भागांतल्या पिकात तणनाशकाचा घातक अंश सापडला आहे. झालं! लोकांनी क्रॅनबेरीकडे पाठ फिरवली. तेव्हा निवडणुकीचे वारे वाहत होते. विस्कॉन्सिनात जाऊन निक्सनसाहेबांनी क्रॅनबेरी सॉस चार वेळा वाढून घेतला, आणि त्याच राज्यात केनेडींनी क्रॅनबेरीचा रस पिऊन दाखवला. मतांसाठी पुढारी काहीही गिळतात, हे आपल्यालाच माहीत आहे असं नाही.

त्यानंतर धंदेवाल्यांच्या ध्यानात आलं, की एका सणावर संसार चालत नाही. मग बारमाही रसावर जोर आला. पण निव्वळ क्रॅनबेरीचा रस म्हणजे लिंबाचा सख्खा भाऊ. तो पिऊन डोळे उघडे ठेवणारा मनुष्य मी पाहिलेला नाही. म्हणून त्यात पाणी आणि साखर. आणि साखरपाणी बारा महिने कशासाठी प्यायचं, याला काही कारण हवं. ते कारण आयतंच घरात होतं : ‘आरोग्याला चांगलं असतं.’

आता या आरोग्याच्या दाव्यात तथ्य किती? मी धने-जिऱ्याला एकदा हसलो आहे, आता क्रॅनबेरीला हसून तीच चूक पुन्हा करणार नाही. जमेची बाजू आधी मांडतो. १९८४ साली अमेरिकेतल्या एका संशोधकाने दाखवलं, की या रसामुळे मूत्रमार्गातल्या जंतूंना पेशींना चिकटून बसायला अडचण येते. जंतू मरत नाहीत, त्यांना बूड टेकायला जागा मिळत नाही. आमच्या बँकेत खुर्च्या कमी असल्या की गिऱ्हाईक जसं परत जातं, तसं ते जातात. पुढे असंख्य चाचण्या झाल्या. औषधोपचारांच्या चाचण्या एकत्र करून तपासणारी कॉक्रेन नावाची संस्था आहे. आमच्या ऑडिट खात्याची थोरली बहीण म्हणा. तिने २०१२ साली सांगितलं, की क्रॅनबेरीचा म्हणण्यासारखा फायदा दिसत नाही. मग २०२३ साली ५० अभ्यास आणि ८,८५७ माणसं यांचा हिशेब घेऊन तिनेच आपलं मत दुरुस्त केलं : ज्या स्त्रियांना हा संसर्ग वारंवार होतो, त्यांच्यात क्रॅनबेरीच्या पदार्थांमुळे तो पुन्हा होण्याचा धोका सुमारे चतुर्थांशाने कमी होतो, मुलांमध्येही फायदा दिसतो. मात्र वृद्धाश्रमासारख्या ठिकाणी राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांत, गरोदर स्त्रियांत आणि ज्यांची लघवी पूर्ण साफ होत नाही अशांत फायदा दिसत नाही. नव्या पुराव्यानंतर आपली चूक जाहीरपणे दुरुस्त करणारं ऑडिट मी नोकरीत कधी पाहिलं नाही, त्यामुळे या संस्थेबद्दल माझा आदर दुणावला.

पण बारीक अक्षरं वाचा. ‘पुन्हा होण्याचा धोका.’ म्हणजे प्रतिबंध. झालेला संसर्ग क्रॅनबेरीने बरा होतो, याला भरवशाचा पुरावा नाही. कुलूप चोरी होण्याआधी उपयोगी. चोर घरात शिरल्यावर बाहेरून कुलूप लावून काय उपयोग? आम्ही नेमकं तेच केलं होतं. आणि दाव्याला परवानगी देणाऱ्या तिथल्या सरकारी खात्याने २०२० साली काय म्हटलं? निरोगी स्त्रियांना पुन्हा संसर्ग होण्याचा धोका रोज एक ग्लास रसाने कमी होऊ शकतो असं म्हणायला हरकत नाही. पण पुरावा ‘मर्यादित आणि विसंगत’ आहे, हेही त्याबरोबर छापा. आणि ही मुभा रसाला आणि पूरक गोळ्यांना. वाळवलेल्या फळांना आणि सॉसला नाही.

कर्जखात्यातले गृहस्थहो, ऐकताय ना? तुमच्या डबीतल्या फळांना नाही. कारण ती फळं कशी करतात? बहुतेकदा फळातला रस आधी काढून घेतात, तो कॅनमध्ये जातो. उरलेली सालं साखरेच्या पाकात मुरवतात आणि वाळवतात. ताज्या क्रॅनबेरीत शंभर ग्रॅममागे साखर असते चारेक ग्रॅम. त्या वाळवलेल्या लाल मण्यांत असते सत्तरच्या आसपास. म्हणजे मुद्दल चार आणि व्याज सहासष्ट. असा दर सावकारसुद्धा लावत नाही. गोड खायचं म्हणून खा, माझी ना नाही, मीही खातो. पण मग जिलबी खाल्ल्यासारखी थोडी लाजत खा. किडनीचं नाव कशाला?

आणि ज्यांना रक्त पातळ होण्याच्या वॉर्फरिनसारख्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी तर डॉक्टरला विचारल्याशिवाय या रसाच्या वाटेला जाऊ नये. ‘नैसर्गिक आहे’ हे काही चारित्र्याचं प्रमाणपत्र नव्हे. धोतराही नैसर्गिकच आहे.

तर आता त्या वाक्याकडे येतो. ‘अपाय तर काही नाही ना?’ मेहुणे वाईट माणूस नव्हेत. सासूसाठी रात्री गाडी काढणारा जावई वाईट कसा असेल? ते वाक्य बोलणारा कोणीच वाईट नसतो. पण बँकेत एक गोष्ट शिकलो. बुडालेलं कर्ज पहिल्या दिवशी कधीच बुडालेलं नसतं. पहिला हप्ता चुकतो, आपण म्हणतो, बघू पुढच्या महिन्यात. अपाय त्या हप्त्यात नसतो. अपाय ‘बघू’मध्ये असतो. क्रॅनबेरीने माझ्या आईला आजारी पाडलं नाही. तिने आम्हांला काहीतरी केल्याचं समाधान दिलं, आणि त्या समाधानावर आम्ही चार दिवस काढले. पहिल्या दिवशी गेलो असतो तर कदाचित गोळ्यांच्या एका पाकिटात काम भागलं असतं. चार दिवसांचं व्याज किती झालं, ते विमा कंपनीचा आणि माझा पत्रव्यवहार संपल्यावर कळलं. आकडा सांगत नाही. पण आई मला ‘अहो’ म्हणाली त्या क्षणाची नोंद मी कुठल्या खात्यात करू, हे मला बी.कॉम.च्या तीन वर्षांत कोणी शिकवलेलं नाही.

आणि खरं सांगायचं तर क्रॅनबेरीवर आमची श्रद्धा होती असंही नाही. डॉक्टरची फी वाचवायची होती, आणि ‘फी वाचवतोय’ असं आईच्या तोंडावर म्हणवत नव्हतं. म्हणून आम्ही ‘नैसर्गिक’ म्हणालो. आरोग्याच्या पुष्कळ थोर विचारांखाली अशी एक लहानशी कंजूषपणाची पावती दडलेली असते.

आता इतकं बोलल्यावर तुम्हांला वाटेल, की मी या फळाचा वैरी झालो. मुळीच नाही. ऑक्टोबर संपता संपता, आई हिंडूफिरू लागल्यावर, धाकटी आम्हांला दक्षिणेकडे पाईन बॅरन्समध्ये चॅट्सवर्थच्या बाजूला क्रॅनबेरीची शेती दाखवायला घेऊन गेली. काय सांगू! शेतात पाणी सोडतात, यंत्राने वेली घुसळतात, आणि फळं सुटून वर येतात. प्रत्येक फळाच्या पोटात हवेचे चार कप्पे असतात, म्हणून ती तरंगतात. एकरच्या एकर पाणी लालभडक. कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून माणसं तो लाल गालिचा लांबलचक पट्ट्याने एका कडेला ओढत होती. आई काठावर उभी राहून कितीतरी वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, ‘‘कोणीतरी कुंकवाचा करंडा सांडलाय बघ.’’

येताना एका दुकानात ताजी फळं मिळाली. आईने एक तोंडात टाकलं, एक डोळा मिटला, आणि तिचा चेहरा खुलला. आमचं मूळ चिपळूणकडचं. ‘‘अरे, हे तर कच्च्या करवंदासारखं!’’ वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने करवंदाचं कूळ कण्हेरीचं आणि क्रॅनबेरीचं ब्लूबेरीचं. सोयरीक काही नाही. पण आईच्या स्वयंपाकघरात नाती जिभेवरून ठरतात. तिने घरी येऊन पदर खोचला.

तिथल्या रीतीचा सॉस धाकटीने केला : साडेतीनशे ग्रॅमच्या आतबाहेर फळं, एक कप साखर, एक कप पाणी, उकळायला ठेवायचं, दहा मिनिटांत फळं फट्‌फट्‌ फुटतात आणि गार झाल्यावर आपोआप घट्ट होतं. फळातच पेक्टिन भरपूर, दुसरं काही घालावं लागत नाही. आईने केला मेथांबा. तेलात मोहरी, मेथीचे दाणे, हिंग, हळद. त्यात ती लाल फळं, तिखट, मीठ आणि गुळाचा एक लहानसा खडा. खडा टाकताना तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘‘तुझ्या ज्यूसपेक्षा कमीच आहे हो.’’ दुसऱ्या दिवशी तुरीच्या आमटीत आमसुलाऐवजी मूठभर फळं पडली. आमटीला असा काही रंग आणि असा काही आंबटपणा आला, की मेहुण्यांनी तिसऱ्यांदा भात घेतला. निक्सनसाहेबांचा विक्रम एका वाढीने हुकला. धाकटीने उरलेली फळं तशीच फ्रीझरमध्ये टाकली, महिनोन्‌महिने टिकतात. तिच्या ओळखीच्या कितीतरी घरांत नोव्हेंबर आला की या फळाचं लोणचं पडतं, असं ती म्हणाली.

त्या चार-पाच दिवसांत त्या घरात क्रॅनबेरीला कोणी ‘आरोग्याला चांगलं’ म्हटलं नाही. नुसतं ‘चांगलं’ म्हटलं. फळाला यापेक्षा मोठा मान कोणता?

तेव्हा क्रॅनबेरीभक्तांनो, माझी एवढीच विनंती आहे. फळ खायचं तर फळ म्हणून खा. आंबट आहे म्हणून खा, रंग सुंदर आहे म्हणून खा, लेकीने परदेशातून पाठवलं म्हणून खा. वारंवार त्रास होत असेल तर डॉक्टरला विचारून खा. पाकिटाच्या पुढच्या बाजूला चित्र असतं, मागच्या बाजूला हिशेब. आपण बँकेतली माणसं, आपण मागची बाजू वाचायची. आणि घरातलं म्हातारं माणूस ‘जरा जळजळतंय’ म्हणालं तर त्या दिवशी धने-जिरं भिजवा, हवं तर क्रॅनबेरीही द्या, पण एका हाताने देताना दुसऱ्या हाताने डॉक्टरचा नंबर फिरवा.

हा लेख मी काल मॅनेजरसाहेबांना वाचून दाखवला. ते शेवटपर्यंत गंभीरपणे ऐकत होते. मग त्यांनी ड्रॉवर उघडला, पाकीट काढलं, उलटं करून चष्मा लावून मागची अक्षरं वाचली, बराच वेळ वाचली, आणि पाकीट माझ्यापुढे सरकवत म्हणाले, ‘‘तुम्हीच खा. मला शुगर आहे.’’